दोन वाट्या गरम सूप

"ये कौन माँजता है?"

दशाश्वमेध घाटावर संध्याकाळची आरती चाललेली, सगळी गर्दी हात जोडून उभी, आणि आमच्या बाईचं बोट त्या भल्यामोठ्या पितळी दिव्यांकडे. शेजारच्या नावाड्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने पुन्हा विचारलं. शेवटी तो म्हणाला, "अरे माताजी, पहिले दर्शन कीजिए." तिने दर्शन घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन दिवे घासणारी दोन माणसं शोधून काढली. त्यांच्याबरोबर चहा पिऊन आली तेव्हा चेहरा असा, की आरती आत्ता झाली.

हिंदीतलं एवढं एकच वाक्य तिला बिनचूक येत होतं. देऊळ दाखवा, राजवाडा दाखवा, लग्नाची पंगत दाखवा, बाई आधी हेच विचारणार. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याबरोबर कुठे गेलं की आपल्याला आधी लाज वाटते आणि मग आपणही तिकडेच बघायला लागतो.

ती ऑस्ट्रियाची. सात कादंबऱ्या लिहिलेली. काशीत दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घराची वरची खोली तिने तीन हिवाळे भाड्याने घेतली होती. मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे तशी लहानच. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवत होते. कडक इस्त्रीची साडी, हातात रूळ, आणि डोक्यात हा ठाम समज की जगातली सभ्यता माझ्यावर टेकून उभी आहे. मी जराशी हलले तर ती कोसळेल. आता ती तेव्हाची मी आठवली की मला तिला खुर्चीवर बसवून पाणी द्यावंसं वाटतं.

मला जर्मन येत होतं. वडील शास्त्री. त्यांच्या मते आपल्यानंतर संस्कृत कुणाला कळलं असेल तर जर्मनांना. म्हणून त्यांनी मला युनिव्हर्सिटीत डिप्लोमाला घातलं. संस्कृत व्याकरणावरचे जुने, जाडे जाडे जर्मन ग्रंथ मी वाचले, पण जर्मन बोलणारं जिवंत माणूस कधी भेटलं नव्हतं. बाई पहिल्या दिवशी जिना चढून आली तेव्हा मी तयार करून ठेवलेलं वाक्य म्हटलं. त्याचा अर्थ साधारण असा: "हे सन्माननीय स्त्रिये, आपला प्रवास निर्विघ्न पार पडला ना?"

तिने बॅग खाली ठेवली. "तू कुठल्या शतकातून आलीस?" म्हणाली.

तिला 'आपण', 'तुम्ही' चालत नसे. तसं बोललं की मागे वळून बघायची, आणखी कुणी आलंय का म्हणून. तेव्हा इथेही मी तिला 'ती'च म्हणते.

तिची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक मटार सोलताना. डोंगरातलं लहान गाव, वडिलांची खानावळ, आणि खानावळीचं स्वयंपाकघर आईच्या गळ्यात. ही शहरात पळाली, एका विमा कंपनीत टायपिस्ट झाली. लग्न झालं, मोडलं. पदरात एक मुलगी. पहाटे मुलगी उठायच्या आत स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पहिली कादंबरी लिहिली. त्यात खानावळ होती, गाव होतं, आणि गावातले पुरुष घरी गेल्यावर कसे वागतात तेही होतं. चर्चमधल्या पाद्र्याने त्यावर अख्खं प्रवचन दिलं.

"मग खप वाढला असेल," मी म्हटलं.

"गावात एकच प्रत गेली. ती सगळ्यांनी वाचली."

एका मोठ्या समीक्षकाने लिहिलं, हे स्वयंपाकघरातलं साहित्य आहे. बाईने ते वाक्य पुढच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात छापून घेतलं. पुढे सरकारने पदक दिलं, तर समारंभात भाषणाआधी हिने विचारलं की या हॉलच्या खिडक्या कोण पुसतं, आणि त्या बाईला स्टेजवर बोलावल्याशिवाय तोंड उघडलं नाही. मंत्री पंधरा मिनिटं उभे.

मी हे सगळं सासूबाईंना सांगायची. त्या माळ ओढता ओढता म्हणायच्या, "घरी कोणी विचारत नसेल बिचारीला."

दुसऱ्या हिवाळ्यात मुलींच्या एका कॉलेजने तिला वाचनाला बोलावलं. ती जर्मनमध्ये वाचणार, मी हिंदीत सांगणार. तिने आपल्या तिसऱ्या कादंबरीतलं एक पान निवडलं. नवऱ्याला पुरून झालंय, पाहुणे गेलेत. बायको पहिल्यांदाच नवऱ्याच्या खुर्चीत बसते. एकेचाळीस वर्षं सगळ्यांना वाढून होईपर्यंत तिचं सूप थंड व्हायचं. आज ती ते गरम पिते. दोन वाट्या. तिला बरं वाटतं. तो गेला म्हणून बरं वाटतं. मग ती पादते. चर्चमधल्या बाजाच्या पेटीसारखी, लांबलचक. कुणी रागावेल म्हणून थांबून वाट बघते. कुणी नसतंच. मग हसत सुटते.

घ्या, लिहिलं एकदाचं. त्या दिवशी मात्र समोर चारशे मुली, बाजूला अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्रोफेसर, आणि माझी इस्त्रीची साडी. मी हिंदीत सांगितलं, पतीच्या स्मृतीने तिचे नेत्र सजल झाले. थोडंसं सूप कसंबसं घशाखाली उतरलं. मग तिने एक दीर्घ निःश्वास सोडला आणि तिच्या मुखावर मंद स्मित उमटलं.

मुलींनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "आज सिद्ध हो गया कि नारी चाहे काशी की हो चाहे यूरोप की, पतिव्रता ही होती है।"

रिक्षाने घरी आलो. वर खोलीत गेल्यावर बाईने मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसली. "त्या पानावर लोक तीनदा हसतात," ती म्हणाली. "कुठेही वाचलं तरी. आज एकदाही नाही. तू त्यांना जे सांगितलंस ते आता मला जर्मनमध्ये सांग."

मी सांगितलं. काय करणार? माझ्या त्या शंभर वर्षं जुन्या जर्मनमध्ये नेत्र, मुख, निःश्वास, सगळं. आधी ती इतकी हसली की पलंग हलला. मग तिने डोळे पुसले.

"ती माझी आई आहे," म्हणाली. "ती अशीच बसली होती. मी दारातून बघितलं. ती गेली तेव्हा गावात सगळे म्हणाले, किती सोशिक, किती शांत. तिच्याबद्दल एक खरं वाक्य कुणी बोललं नाही. ते मी लिहिलं. आणि तू परत तिला कॅलेंडरवरची विधवा करून टाकलीस."

मी म्हटलं, "आमच्याकडे असं बोलत नाहीत."

"आमच्याकडे बोलतात असं वाटलं का तुला?"

त्या रविवारी आमच्या मराठी महिला मंडळात तेच पान वाचायचं ठरलेलं होतं. बाई शांतपणे म्हणाली, "पुन्हा बदलणार असशील तर आत्ता सांग. मी सोमवारचं तिकीट काढते. राग नाही. पण ज्या घरात माझ्या आईवर असं पांघरूण घालतात तिथे मला राहवणार नाही."

आता माझी अडचण बघा. कॉलेजातल्या मुली परक्या होत्या. मंडळात निम्म्या बायका नात्यातल्या, आणि त्यातल्या कितीतरी नवरा गेलेल्या. पहिल्या रांगेत गुडघ्यांमुळे खुर्ची टाकून बसणार सासूबाई. सासरे जाऊन एकोणीस वर्षं झालेली. मोठे वैदिक. ताटात पोळी जरा गार आली तर ताट सरकवणारे. त्यांच्या बायकोसमोर, भर सभेत, सुनेने म्हणायचं की नवरा मेला आणि बाईला बरं वाटलं. म्हटलं तर घरात तोंड दाखवायची सोय नाही. नाही म्हटलं तर वरची खोली रिकामी, आणि आयुष्यात भेटलेली एकुलती एक मैत्रीण गेली. ती मैत्रीण आहे हेही मला त्या तीन दिवसांतच कळलं. एरवी मी तिला भाडेकरू म्हणत होते.

रविवारी दुपारी बाईने वाचलं. मग मी उभी राहिले. हातातला कागद खाली ठेवला. मराठीत सगळं सांगितलं. खुर्ची, सूप, दोन वाट्या. "तो गेला म्हणून तिला बरं वाटलं," म्हटलं. आणि पुढचंही म्हटलं, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं, एकेक अक्षर सुटं करून.

सासूबाईंची माळ थांबली.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "सूप म्हणजे आपली आमटीच ना?"

"हो, आई."

"गरम होती?"

"होती."

"मग दोनच वाट्या?"

आधी मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं मंडळ. अर्धं हसू त्या पादण्याचं होतं, उशिरा पोचलेलं. रेल्वेतल्या एकाची बायको, जी कधी बोलत नसे, ती म्हणाली, "आमचे गेले त्या उन्हाळ्यात मी टेबलफॅन पहिल्यांदा माझ्याकडे वळवला. आणि वाऱ्यात बसून रडले. दोन्ही खरं हो." मग एकीमागून एक सुरू झाल्या. त्या दिवशी जे ऐकलं ते सगळं इथे लिहीत नाही. त्यांच्या मुली-सुना हे वाचणार आहेत.

बाईला एक अक्षर कळत नव्हतं. ती नुसती एकेकीच्या तोंडाकडे बघत होती आणि मधूनच मला कोपराने ढोसत होती, "काय म्हणाली? खरं सांग." मी खरं सांगत होते.

सोमवारचं तिकीट तिने काढलं नाही. आणखी एक हिवाळा आली. मग तिचे गुडघे गेले आणि आमचे जिने तिला झेपेनात. दर रविवारी फोन करायची. माझं जर्मन शतकभर पुढे आणल्याचं श्रेय स्वतःकडे घ्यायची.

गेल्या थंडीत ती गेली. तिच्या मुलीने तिथल्या वर्तमानपत्रांतली कात्रणं मोबाईलवर पाठवली. मी चष्मा लावून सगळी वाचली. सगळ्यांनी तिला निर्भय म्हटलंय. निर्भय लेखिका, निर्भय स्त्री, कुणापुढे न झुकलेली. मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय, मनापासून लिहिलंय. पण मला ते वाचताना कॉलेजातले ते अध्यक्ष आठवले. म्हटलं, आता आपणच बसून लिहावं.

तर खरं असं आहे की ती माकडांना प्रचंड भ्यायची. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर कठड्यावर एखादं माकड दिसलं की सात कादंबऱ्यांची लेखिका माझ्या पाठीमागे जायची, माझा पदर मुठीत घट्ट धरायची, डोळे मिटून घ्यायची आणि एकेक पायरी चाचपत माझ्यामागून उतरायची.

"गेलं का?" ती विचारायची.

माकड केव्हाच गेलेलं असायचं. मी म्हणायची, "नाही ग, अजून बसलंय."