पंखा सुरू व्हायच्या आधीची अठरा मिनिटं

रविवारी संध्याकाळी आमचे साडेसहा वाजतात तेव्हा तुमच्याकडे सकाळचे नऊ झालेले असतात. तुम्ही दोघं नातवंडं डोळे चोळत येऊन बसता, आणि इथे मुलुंडला मी तुमच्या आजोबांना हाताला धरून टेबलाजवळच्या लाकडी खुर्चीत बसवते. आठवड्यातली ही एक भेट, लॅपटॉपच्या पडद्यावर.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला लगेच वाचता आलं असतं, हे मला ठाऊक आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं मी पुस्तकांची कार्डं इंग्रजीतच लिहिली. पण आजोबांबद्दल इंग्रजीत लिहायला बसले की ते दुसरेच कुणी गृहस्थ वाटायला लागतात. म्हणून मराठीत लिहिते आहे, बाबा वाचून दाखवेल. धाकटी सहा वर्षांची होईल आता. पुढे कधीतरी ती हे स्वतः वाचेल तेव्हा एका रविवारी नेमकं काय झालं होतं ते तिला नीट कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आजोबांचं बोलणं धाकटीला आठवणार नाही. मोठ्याला थोडंफार आठवत असेल. भांडुपच्या कारखान्यात ते मशीनदुरुस्तीचे फोरमन होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून आत काय घासतंय ते सांगायचे. घरी आले की मात्र तासभर बोलायचे, कारखान्यातल्या प्रत्येकाची नक्कल करून. तीन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. समजतं सगळं. बोलायला गेले की "दे, दे" एवढंच येतं, आणि तेवढंच येतंय हे त्यांना कळतं. तुमच्यासमोर तर ते तोंडच उघडत नाहीत.

टकटकीचा खेळ धाकटीने काढला. तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. खिमटाचा चमचा टेबलावर आपटत होती, तीनदा. आजोबांनी डाव्या हाताची अंगठी खुर्चीच्या हातावर आपटली, तीनदा. ती थबकली. मग दोनदा आपटला. यांनीही दोनदा. त्या दिवसापासून दर रविवारी हेच. हळूहळू नियम झाले. डोळे मिटायचे, ऐकायचं, मोजायचं, तेवढंच परत वाजवायचं. आजोबा मधूनच मुद्दाम एक जास्त वाजवायचे.

"आजोबा, चीटिंग! मी चार केले, तू पाच केलेस!"

"अगं, त्यांना वाटलं तू पाच केलेस," मोठा म्हणायचा.

"नाही! तो हसतोय बघ! आजी, तो हसतोय ना?"

हसायचेच. आवाज न करता, खांदे हलवत. मी म्हणायचे, "हो गं, हसतोय लबाड." त्या झटक्यानंतर त्यांना लबाडी करायला मिळालेली ही एकच जागा होती.

फोनवरून हे कधी जमलं नाही, टकटक पलीकडे पोचायचीच नाही. आमच्या जुन्या जाडजूड लॅपटॉपवर जमायचं. तो यंदा होळीनंतर बिजागरीतून मोडला, आणि तुमच्या बाबाने नुकताच बाजारात आलेला नवा पाठवला. डायरीइतका पातळ. इतकी सुंदर वस्तू उघड्या टेबलावर कशी ठेवायची, म्हणून मी तिच्याखाली क्रोशाचा रुमाल घातला, धुऊन, इस्त्री करून.

पहिल्या रविवारी अकराव्या मिनिटाला तो ओरडायला लागला. शेजारच्या खोलीत कुणी केस वाळवतंय असा आवाज, आणि तो वाढतच गेला. पोळी टाकण्याआधी तव्यावर हात धरून बघतात तसा मी खाली हात धरला आणि पटकन काढून घेतला.

"आजी, तू विमानात बसलीयेस का?" मोठ्याने विचारलं. टकटक काही ऐकू गेली नाही. एसी लावावा तर तो आजोबांना सोसत नाही.

मी वही केली. किती वाजता सुरू केला, त्याच्या आतला पंखा कितव्या मिनिटाला लागला, खोलीतला छताचा पंखा चालू की बंद, पडदे उघडे की ओढलेले. बाबा हसत सुटला.

"आई, तू लॅपटॉपचा टेंपरेचर चार्ट ठेवलायस? डॉक्टरला दाखवणार का?"

"दाखवणारच आहे," मी म्हटलं.

त्याआधी आजोबांनीच बघितलं. एका दुपारी लॅपटॉप ओरडत असताना त्यांनी डाव्या हाताने तो मागून उचलला, कान खाली नेला, आणि रुमाल खस्सकन ओढून जमिनीवर टाकला. माझ्याकडे असं पाहिलं की कारखान्यातली माणसं यांना का घाबरायची ते मला इतक्या वर्षांनी कळलं. मग टूलबॉक्सकडे बोट दाखवलं. त्यातून एकाच मापाचे दोन मोठे नट मला शोधायला लावले आणि लॅपटॉपच्या मागच्या बाजूला पायांसारखे ठेवले, खालून हवा जाईल असे. त्या संध्याकाळी पंखा अठराव्या मिनिटाला लागला. वहीत मी अठराच्या खाली रेघ मारली. त्यापुढे मात्र एक मिनिटही वाढलं नाही.

तेव्हा रिक्षा करून घाटकोपरच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवर एक तरुण मुलगी होती.

"बोला आजी, काय होतंय?"

"तापतो आणि ओरडतो."

मी वही पुढे केली. तिने एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग आत हाक मारली. "ए, इकडे ये ना, आजींनी लॉग ठेवलाय बघ! आपण पण एवढं नाही करत यार." मग तिने लॅपटॉप उलटा करून जाळीत चिमट्याने काहीतरी पकडलं. "आजी, ह्याच्यात हा पांढरा दोरा कुठून आला?"

मला क्रोशाचा रुमाल आठवला आणि मी वही पिशवीत ठेवायला लागले.

"खरं सांगू का आजी? ह्याच मॉडेलचे रोज दोन-तीन येतात आमच्याकडे. बिघाड काही नाहीये. पातळ करायच्या नादात आत हवेला जागाच ठेवली नाही. व्हिडिओ कॉल लावला की तापणार, तापला की पंखा पळणार."

"मग उपाय काय?"

"कंपनीकडून अपडेट येईल म्हणतात."

"कधी?"

"ते मला माहीत असतं ना आजी, तर मी इथे काउंटरला बसले असते का?"

दोघीही हसलो. तिने जाळी साफ करून दिली. घरी येऊन पाहिलं तर अठराच मिनिटं.

मग बाबाने तिथून दुसरा मार्ग काढला. एका शनिवारी त्याने मला पडद्यावर एका चौकोनावर टिचकी मारायला सांगितली आणि माझ्या लॅपटॉपवरचा बाण आपोआप इकडेतिकडे फिरायला लागला. तो तिकडून फिरवत होता.

"आता बोल, आई."

पंखा माझ्या कानाशी घोंघावत होता. मी ओरडून म्हटलं, "ऐकू येतंय का?"

"ओरडू नकोस! झकास ऐकू येतंय. पंखा गायब. लॅपटॉप आता कॉलभर त्याचा आवाज गाळून टाकेल."

मी इतकी खूश झाले की संध्याकाळी आजोबांसाठी शिरा केला. उद्यापासून अठरा मिनिटांचं बंधन नाही, पूर्वीसारखा तासभर मिळेल, म्हणून त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शिरा खाल्ला आणि अंगठी ताटावर एकदा वाजवली.

तो रविवार आता सांगते.

धाकटी आली. समोरचा दात हलत होता तो दाखवून झाला. मग तिने डोळे मिटले आणि वाजवलं, तीन. आजोबांनी तीन वाजवले. ती डोळे मिटून थांबली होती. "आजोबा, तुझा टर्न." त्यांनी परत तीन वाजवले. ती थांबलेलीच. तिने परत तीन वाजवले, यांनी परत. मी म्हटलं, "अगं वाजवले की त्यांनी!" ती म्हणाली, "नाही वाजवले. आजी, तू खोटं नको सांगू." मग तिने डोळे उघडले. तिला आजोबांचा नुसता चेहरा दिसत होता, हात पडद्याच्या खाली होता. यांनी इतक्या जोरात वाजवलं की खुर्ची हलली. तिचा चेहरा तसाच.

"आजोबाला माझ्याशी खेळायचं नाहीये," ती म्हणाली आणि खुर्चीवरून उतरली.

तेव्हाही मला काही कळलं नाही. तुमच्याकडेच काहीतरी बिघडलंय असं मला वाटलं, आणि मी बाबाशी इकडचंतिकडचं बोलत बसले. लॅपटॉप मिटला तेव्हा आजोबांकडे लक्ष गेलं. डावा हात डोळ्यांसमोर धरून ते बोटं उघडत होते, मिटत होते. उजवा हात गेला तेव्हा दवाखान्यात त्यांनी त्याच्याकडे असंच पाहिलं होतं. मग त्यांनी अंगठी खुर्चीवर एकदा हळूच वाजवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ऐकू येतंय. मला नीट ऐकू येतंय." त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

रात्रभर तळमळले, आणि सोमवारी सकाळी बाबाला गाठलं.

"आई, टाळी वाजव," तो म्हणाला. वाजवली. "वाजवलीस?"

"वाजवली की!"

"थाळी वाजव."

मी स्टीलची थाळी घेऊन पळीने बडवली. शेजारच्या बाई दार ढकलून आत आल्या. "काय हो, काय झालं? कोण आलंय?" त्यांना म्हटलं, काही नाही, मुलाशी बोलतेय. त्या माझ्याकडे आणि थाळीकडे बघत परत गेल्या.

"थाळी पण नाही आली," बाबा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "ते फक्त माणसाचा आवाज ठेवतं, आई. बाकी सगळं गाळून टाकतं."

"मग तुझ्या बाबांची अंगठी कुणाचा आवाज आहे?"

मला वाटलं, माझं हे बोलणंही गाळलं गेलं की काय. मग त्याने नाक ओढलं, ते मात्र ऐकू आलं.

पुढच्या रविवारी धाकटी आली नाही. पोट दुखतंय म्हणाली म्हणे. आजोबा साडेसहा ते साडेसात त्या खुर्चीत बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. खुर्चीच्या हातावर ठेवलाच नाही. मोठ्याने शाळेतलं बरंच काही सांगितलं, त्यांनी मान हलवली. मी त्यांना बाबाचं म्हणणं तीनदा समजावलं होतं. मशीनचं ऐकणारा माणूस, त्यांना पटायला हवं होतं. पण पोरीला ऐकू आलं नाही, हेच त्यांच्या मनात राहिलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी बाबाने तिला मांडीवर घेऊन बसवलं. आवाज गाळणं बंद केलं होतं. मी छताचा पंखा बंद केला होता, कुकरखालचा गॅस बंद केला होता, खिडक्या लावून घेतल्या होत्या. मे महिना. आजोबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"आजोबा, बाबा म्हणतो कम्प्युटरने तुझा आवाज खाल्ला," ती म्हणाली. "खरं आहे का? का तू माझ्याशी कट्टी होतास?"

यांचा हात मांडीवरच होता. ती वाट बघत होती. मग तिने डोळे मिटले आणि टेबलावर वाजवलं, दोनदा, अगदी हलकं.

हात उचलला गेला. दोन.

ती डोळे मिटूनच ओरडली, "आला!" मग चार. मग चार. मग तीन, आणि यांनी चार.

"चीटिंग!"

खांदे हलायला लागले. मी स्वयंपाकघरात गेले. तिथूनही सगळं ऐकू येत होतं.

तेव्हापासून आमची वाटणी झाली आहे. पहिली अठरा मिनिटं आजोबांची. त्या वेळात मी तिथे थांबत नाही. थांबले की मध्ये बोलते, आणि माझं बोलणं त्यांच्या मिनिटांतून जातं. पंखा लागला की बाबा तिकडून गाळणी सुरू करतो, आणि मग माझी पाळी. माझा आवाज त्या यंत्राला माणसाचा वाटतो, त्यामुळे मला घाई नाही, असं मीच बाबाला सांगितलं आहे.

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी असते तेव्हा मला कितीतरी विचारायचं असतं. दात पडला तो कुठे ठेवलास? मोठ्या, तुझा आवाज फुटायला लागलाय का रे, परवा जरा जाड वाटला. खिडकीतल्या मोगऱ्याला या वर्षी इतक्या कळ्या आल्यात की रोज सकाळी वाटीभर निघतात, त्या तुम्हाला दाखवायच्या असतात. तुमच्या डोक्याला कसा वास येतो ते मी विसरत चालले आहे, हे मात्र सांगायचं नसतं.

पंखा लागतो. आजोबा हात मांडीवर घेतात आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात. मी पदराने हात पुसत येते, त्यांचा घाम टिपते, चष्मा लावते. तोवर धाकटीच्या पोहण्याच्या क्लासची वेळ झालेली असते, मोठा बूट शोधत असतो. पडद्यावर तुमची रिकामी खुर्ची अजून थोडी फिरत असते, आणि बाबा पुढे सरकतो.

"बोल, आई."

"गेली का रे मुलं?"

"आत्ताच उठली. बोलावू का?"

"नको, असू दे. उशीर होईल त्यांना. तुझा नाश्ता झाला का?"