चिनीदादा

आमच्या घरात ‘चिनी’ हा शब्द लाडाचा होता. सयाजीगंजात आम्ही राहायचो, त्या घराच्या माडीवर बाबांनी एक विद्यार्थी भाडेकरू ठेवला होता. तो विद्यापीठात चिनी मातीची भांडी घडवायला शिकत होता. त्याचं नाव घेताना माझी जीभ वळेना, म्हणून मी त्याला चिनीमातीदादा म्हणू लागले आणि आठवड्याभरात त्यातली माती गळून पडली. तो मणिपूरचा होता. माझ्या शाळेच्या नकाशावर बोट ठेवून त्याने आपला मुलूख दाखवला होता, आणि मी त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला होता. तेव्हा ‘लहान होते, मला काय ठाऊक’ असं म्हणायची सोय मला नाही.

गुजरात वेगळं होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती, आणि चीनशी युद्ध पेटलं. आई जवानांसाठी खाकी लोकरीचा स्वेटर विणायला बसली. शाळेत आम्ही शत्रूची चित्रं काढायचो. पिवळा चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन रेघा, बाहेर आलेले सुळे. माझं चित्र वर्गाच्या भिंतीवर लागलं. चिनी माणूस मी जन्मात पाहिलेला नव्हता. तरी चेहरा हुबेहूब जमला, कारण तो मी रोज जिन्यावर पाहत होते. ते चित्र काढल्यापासून मला चिनीदादाची किळस वाटू लागली. त्याने हाक मारली की मी पळून जायची.

एके दुपारी शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपाशी पाच-सहा जण उभे होते. मांडवीहून निघालेल्या मिरवणुकीतून आलेले, घोषणा देऊन घसे बसलेले. एकाने मला थांबवलं.

“ए बेबी, तारा घरमां उपर रहे छे, ए चीनो छे?”

“हा,” मी म्हणाले. “अमे तो एने चीनी ज कहीए छीए.”

आम्ही त्याला चिनीच म्हणतो, एवढंच मी सांगितलं. गुजरातीत चिनी मातीला ‘चिनाई माटी’ म्हणतात, हे मला चांगलं माहीत होतं. तेवढं सांगितलं असतं तर ते हसून पान खात बसले असते. पण एवढी मोठी माणसं माझं बोलणं कान देऊन ऐकत होती. मला भाव मिळत होता आणि तो मी मनसोक्त खाल्ला.

ते माझ्या पाठोपाठच आले. धडाधड जिना चढले. वरून बरण्या, सुरया, वाडगे अंगणात येऊन फुटू लागले. मी जिन्याखाली उभी होते. “मणिपुर! मणिपुर!” असा तो ओरडत होता. ते नाव त्यांच्यातल्या कुणी ऐकलेलं नसावं.

“जो, चीनी बोले छे!” बघ, चिनी बोलतोय, असं एक जण किंचाळला, आणि मग लाथाबुक्क्यांचे आवाज आले.

आई विणकाम हातात घेऊनच वर धावली. एरवी गुजराती फडाफडा बोलणारी ती, पण घाबरून मराठीतच ओरडू लागली, “अहो, आपला आहे तो! आपला आहे!” बाईमाणूस मध्ये पडलं म्हणून असेल, ते शिव्या देत उतरून गेले. त्याचं कपाळ फुटलं होतं. आईने अर्धा विणलेला स्वेटर त्यावर दाबून धरला. आणि मी? लाल गोल काढलेला नकाशा माझ्या दप्तरात होता. जिन्याखाली उभ्या उभ्या मी दप्तराचा बंद घट्ट धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वळकटी बांधून निघाला. बाबा त्याला स्टेशनवर सोडायला जाणार होते. मी शाळेला निघाले होते, आणि आम्ही दारातच समोरासमोर आलो.

“मुझे चीनी किसने बोला, चाचाजी?” तो बाबांना म्हणाला. मग पट्टी बांधलेल्या डोक्याने माझ्याकडे वळून हसला. “बेबी को तो मालूम है, मैं कहाँ का हूँ।”

“हो ना गं?” बाबांनी मला विचारलं.

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.