धाकट्याचा ड्राईव्हशाफ्ट

आमचं गॅरेज घुग्घुसच्या रस्त्यावर. पुढे शेड, मागे घर, मध्ये एक पडदा. बापानं आम्हा दोघा भावांना ट्रकखाली झोपवूनच काम शिकवलं. पार्टांची त्याची नावं इंग्रजांच्या गाड्यांची: गिअरबॉक्स, प्रोपेलर, क्राऊन. मी तीच धरून बसलो. धाकटा खाणीत डंपरच्या कामाला लागला. तिथली पुस्तकं अमेरिकन, म्हणून घरी येऊन तो गिअरबॉक्सला ट्रान्समिशन, प्रोपेलरला ड्राईव्हशाफ्ट, क्राऊनला रिंग गिअर म्हणायचा. माझं डोकंच फिरायचं.

"वस्तू तेच हाय ना बे, मंग नाव काऊन बदलवून राह्यला?"

"इंग्रज गेले भाऊ. तुमी त्यायचा क्राऊन कायले सांभाळून राह्यले?"

पडद्याआडून माय हसायची. तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रोपेलर म्हणजे मोठा आणि ड्राईव्हशाफ्ट म्हणजे धाकटा, एवढं पक्कं ठाऊक होतं. आमचे आवाज सारखेच. फोनवर नातेवाईकही फसायचे.

रातपाळी करून सकाळी मोटरसायकलवर येताना धाकट्याला ट्रकनं उडवलं. तो जागीच गेला. ट्रक थांबला नाही, पुढे सापडलाही नाही. तेव्हापासून कुठल्याही ट्रकखाली शिरलो की मनात येतंच, हाच तर नसेल? तोंडावर कोळशाची धूळ पडते आणि पाना धरलेला हात थांबतो. भीती वाटते, खरं सांगतो. त्याचे शब्द तर मी तोंडातच घेतले नाहीत. गिऱ्हाईक ट्रान्समिशन म्हणालं की मी मुद्दाम गिअरबॉक्स म्हणायचो.

मायची नजर गेली, मागोमाग आठवणही जायला लागली. धाकटा कुठे आहे म्हणून ती विचारायची, मी सांगायचो, आणि ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. शेवटी बायको म्हणाली, "आता सांगू नका तिले. किती डाव मारता त्याले?"

गेल्या उन्हाळ्यात गडचिरोलीकडची एक गाडी आली. सामान नागपूरहून मागवायचं होतं. फोनवरच्या दुकानदाराला प्रोपेलर काही केल्या कळेना. वैतागून मोठ्यानं म्हणालो, "अबे, ड्राईव्हशाफ्ट!"

पडदा हलला. माय भिंत धरून उभी होती.

"कवा आला रे बाप्पा? जेवला का?"

मागे बायको लाटणं धरून तशीच थांबली. नाही म्हटलं असतं तर माय पुन्हा रडली असती.

"आत्ताच आलो, माय."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "वाळला रे," म्हणाली.

आता मी रोज मोठ्यानं ड्राईव्हशाफ्ट म्हणतो. धाकटा घरी आहे म्हणून माय दोन घास जास्त खाते. फक्त जेवायला बसलो की कधीकधी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारते, "मोठा कुठी गेला रे? लय दिवस झाले, त्याचा आवाज नाई आला."

"येऊनच राह्यला, माय," मी सांगतो.