मोळीला नमस्कार

साहेबांच्या दिवाणखान्यात टीव्हीवर एक पुरुष माझी आई झाला होता.

लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, डोक्यावर चुंबळ, बोटांत खड्यांच्या अंगठ्या मात्र तशाच. समोर लाकडांची मोळी. त्यानं मोळीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "बये, आज मान मोडू नगं." टीव्हीतले हसले. खोलीतले हसले. बाईसाहेब दाराशी फरशीवर बसलेल्या माझ्या आईकडे वळल्या. "मावशी, हुबेहूब तुम्हीच हो!"

सगळ्यांनी माना वळवून आईला पाहिलं. पुन्हा हसले.

मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.

आई लोहगडवाडीची. रानातून मोळी आणून लोणावळ्याच्या बंगल्यांवर विकायची. उतारावर तिच्या थोरल्या बहिणीची मान खरंच मोडली होती. तेव्हापासून मोळी उचलण्याआधी ती हे शब्द पुटपुटायची. त्या मोळ्यांवर मी मॅट्रिक झालो आणि साहेबांच्या कारखान्यात स्टोअरकीपर झालो. रोज माल तोलणारा माणूस मी. टीव्हीतली मोळी तीन किलोचीही नव्हती. आईची वीसच्या वर असायची.

तो नकलाकार साहेबांचा मित्र. आधी पोपटी कोट घालून कारखान्यांच्या संमेलनांत नकला करायचा. टीव्हीवर काम मिळालं तेव्हा तो साहेबांच्या बंगल्यावर उतरला होता. साहेब मला म्हणाले, "आमचा मावळा हा! आईची बोली काढून दाखव रे." मी दाखवली. मोळीचा नमस्कारही दाखवला. माझ्या मावशीची मोडलेली मान तेवढी सांगितली नाही. हसू गेलं असतं. त्यानं पाठीवर थाप मारली. मला ती बढतीसारखी वाटली.

टीव्ही बघून परतताना आईनं विचारलं, "माझं बोलनं त्याला कुनी दिलं?"

"मला काय माहीत?"

"तुला ठावं न्हाई व्हय?" ती एवढंच म्हणाली.

हातपाय चालतात तोवर मोळी सोडणार नाही, असा तिचा हट्ट होता. दुसऱ्या दिवसापासून ती मोळी मुकाट उचलू लागली. नमस्कार नाही, शब्द नाही.

नकलाकार मात्र त्या एका नकलेवर मोठा झाला. पुढच्या खेपेला आला तो चमचमत्या कोटात. मला बोलावणं आलं. "लोक तेच मागतात. त्या बाईचं अजून काय आहे?"

साहेब म्हणाले, "आईलाच आण उद्या. मोळीसकट."

"न्हाई," मी म्हणालो.

दोघं खदखदून हसले. त्यांना वाटलं, नक्कल सुरू झाली. तो टाळी वाजवून ओरडला, "वा! हेच पाहिजे!"

हसू ओसरेपर्यंत मी उभा राहिलो. मग म्हणालो, "न्हाई. ती येनार न्हाई. मी बी काय सांगनार न्हाई."

"नीट बोल माझ्याशी," साहेब म्हणाले.

"नीटच बोलतुया."

आता कुणी हसलं नाही.

काही वर्षांनी आई वारली. ते शब्द तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाहीत. ते मी विकले, एका थापेला. याची माफी मागायला आता माणूस नाही, आणि मिळाली असती तरी ती मला पुरली नसती.

साहेबांना 'न्हाई' म्हटलं त्या दिवसापासून कारखान्यात, बँकेत, मुलांच्या शाळेत मी आईसारखाच बोलतो. कुणी हसलं तर थांबतो. त्याचं हसून होऊ देतो. मग तेच वाक्य, त्याच बोलीत, त्याच्या डोळ्यांत बघून पुन्हा म्हणतो.