कोन कुठून मोजायचा

सहा टनांचं यंत्र जमिनीवरून वीतभर उचललं गेलं आणि ते पेलणारे दोन कापडी पट्टे करकरले. गाठ्यानं मूठ वर करून क्रेनवाल्याला थांबवलं. ही नेहमीचीच रीत. ओझं आधी वीतभर उचलायचं, चहूबाजूंनी बघायचं, मगच वर न्यायचं. पण आज त्याची नजर ओझ्यावर ठरेना. पलीकडं, ओझं हेलकावू नये म्हणून दोरी धरून, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ उभा होता.

गाठ्या हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. त्यानं मारलेली गाठ कधी सुटली नाही, म्हणून कामावर चिकटलेलं. कारखान्यांतली यंत्रं इकडची तिकडं करण्यात जन्म गेला, पण शाळा भागाकारापाशीच सुटलेली. मुकादम आता थकला होता आणि त्याच्या जागी हिशेब येणारा माणूस हवा, असं मालक बोलून गेला. तेव्हापासून ह्याच्या डोक्यात गणिताचं खूळ शिरलं.

जेवणं उरकली की स्वयंपाकघरात डब्याला मोबाईल टेकवून बसायचा. नेटवर मास्तरांचा काय तोटा! एक नाचून शिकवी, एक दोन धडे फुकट दाखवून तिसऱ्याला पैसे मागे. चाळता चाळता चाळणीत दोघं उरले. एक झटपट मास्तर, बटण दाबायचा अवकाश की सूत्र हातात. दुसरी घोगऱ्या आवाजाची बाई. तिचा चेहरा कधी दिसला नाही, नुसता चौकटीचा कागद आणि पेन्सिल. ती उत्तर सांगतच नसे. "तुम्ही काढा," म्हणे, "आणि टोकाला नेऊन बघा. पट्टा अगदी उभा केला तर काय होईल? अगदी आडवा केला तर? तिथं वेडंवाकडं निघालं, तर मधलंही खोटंच समजा." गाठ्याला तिची चित्रं आवडत, पण हा टोकाचा खटाटोप तो उद्यावर ढकली. चित्र बाईचं आणि सूत्र मास्तराचं, असा त्यानं संसार मांडला.

"कुणातरी एकाचं ऐका," बायको म्हणाली होती. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी."

"तुला काय कळतंय गणितातलं?"

"गणितातलं नाही कळत. पाहुण्यातलं कळतं."

आजचं यंत्र दुसऱ्या एका यंत्रावरून पलीकडं न्यायचं होतं. लांब पट्टे लावले तर हुकाखालची उंची पट्ट्यांतच जाई आणि ते पुरेसं वर जाईना. मुकादमाचं म्हणणं, मधलं यंत्र खोलून बाजूला करा. गाठ्यानं मालकापुढं कागद धरला. आखूड पट्टे जमिनीशी तीस अंशांचा कोन करतील, प्रत्येकावर साडेतीन टनांचा ताण येईल आणि पट्टा चार टन पेलणारा आहे. मालक खूश झाला. मुकादम एवढंच म्हणाला, "आडवा पट्टा वैरी असतो, गाठ्या. पण तुझा कागद शिकलेला दिसतोय."

तो वैरी आता डोळ्यांसमोर ताणून उभा होता. शिवणीचे धागे तट्ट फुगले होते.

"दाजी, घ्यायचं का वर?" मेव्हणा ओरडला. "हात भरून आला!"

गाठ्याची मूठ तशीच वर. त्याला घोगरा आवाज आठवला. पट्टा अगदी उभा केला तर? त्यानं मनातल्या मनात नव्वद अंश सूत्रात घातले. ताण आभाळाला गेला. छे! उभ्या पट्ट्यावर तर निम्मंच ओझं येतं, हे कुणीही सांगेल. अगदी आडवा केला तर? सूत्र म्हणालं, निम्मं. सगळं उलटं होतं. बाई कोन जमिनीपासून मोजत होती आणि मास्तर ओळंब्यापासून, म्हणजे उभ्या रेषेपासून. त्यानं एकीचा कोन दुसऱ्याच्या सूत्रात घातला होता. साडेतीन नव्हे, प्रत्येक पट्ट्यावर सहा टन होते.

"दोरी सोड! मागं हो!"

"अहो पण दाजी..."

"मागं हो म्हणतो ना, गाढवा! पार भिंतीपर्यंत!"

मेव्हणा भिंतीला लागेपर्यंत गाठ्यानं मूठ खाली घेतली नाही. मग तळहात खाली करून, बोटांनी हळू, अजून हळू, अशी खूण करत त्यानं ते वीतभर अंतर उतरवलं. पट्टे सैल पडले. एकाची शिवण बोटभर उसवली होती.

मुकादम जवळ आला. "क्रेन बिघडली?"

"नाही. मी चुकलो. कोन उलटा धरला. मधलं यंत्र खोलावं लागेल."

"मालकाला कोण सांगणार?"

"मीच सांगतो."

मुकादमानं उसवलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि यंत्र खोलायचे पाने आणायला गेला.

यंत्र खोलून झालं, लांब पट्टे आले. गाठ्यानं नवा हिशेब सांगितला. मेव्हणा दोरीपाशी गेला, पण दोरी उचलली नाही.

"ताईच्या कुंकवाचा प्रश्न नाही हो, माझ्या पायांचा आहे. आधी मला दाखवा."

"काय दाखवू?"

"ते तुम्ही मघाशी डोळे फिरवून जे काय केलंत ते."

गाठ्या खडू घेऊन फरशीवर उकिडवा बसला. आधी जमीन आखली. मग पट्टा काढला, अगदी उभा.