अकरा वह्या, सात वाव पाणी

माझगावच्या कोळीवाड्यात हरेश्वर तुळशीदास याला त्याच्या नावानं कोणी हाक मारत नसे. बाया म्हणत, "पोथीवाला." बाप्ये म्हणत, "आमचा भट." हा भट सकाळी बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखालून वाकून बाहेर पडे, अंगाचा वास जावा म्हणून हाताला कडुनिंबाचा पाला चोळी, आणि चालत कॉलेज गाठून शेवटच्या बाकावर बसे. वर्गात विद्यार्थी दोनच, त्यामुळं शेवटचा बाक आणि पहिला बाक एकच होता.

बी. ए. झाला तेव्हा वाड्यानं त्याला खांद्यावर घेऊन देवळाला फेरी घातली होती. आता हा कचेरीत जाईल, पगडी घालील, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्यानं नाव घातलं एम. ए.ला, आणि तेही पदार्थविज्ञानाला.

"अजून किती शिकायचं रं?" त्याचा बाप तुळशीदास जाळं शिवता शिवता म्हणाला. "आता तर शिकवनारे पन संपले असतील."

"एक साहेब उरलेत बाबा. त्यांच्यासाठीच जातो."

"आनि काय शिकवतो तो साहेब?"

हरेश्वरला सांगायची हौस होती. त्या वर्गात ना यंत्र होतं, ना तार, ना भिंग. नुसता फळा, खडू आणि गणित. साहेबानं वीस वर्षं खपून उजेडाच्या लाटांचं एक गणित बसवलं होतं, ते कुठल्याही छापील पुस्तकात नव्हतं. हरेश्वर म्हणाला, "बाबा, लाट किनाऱ्याला येते ना, तेव्हा पाणी येत नाही. पाणी जागच्या जागी वरखाली होतं. नुसती लाट पुढं जाते."

तुळशीदासानं सुई थांबवली. "हे सांगायला साता समुद्रापलीकडून साहेब आला? जाल्याची बोय, पान्यावर तरंगते ती, बघितली नाय कधी? वर होते, खाली होते, हाय तिथंच ऱ्हाते. मना इचारलं असतंस तर एका चिलमीत सांगितलं असतं."

शेजारची शेवंती खदखदून हसली. हरेश्वरही हसला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं ती बोय साहेबाला सांगितली, आणि साहेबानं फळ्यावर बोय काढून तिच्यावरून पुढचं गणित मांडलं. तो दिवस हरेश्वरनं जन्मभर जपून ठेवला.

साहेब सांगे, हरेश्वर उतरून घेई. दुसरा विद्यार्थी गिरगावातला दौलत. तो वहीत पाठारे प्रभूंच्या पगड्या काढत बसे आणि म्हणे, "तू लिही रे, मी तुझ्या भरवशावर आहे." दोन वर्षांत अकरा वह्या भरल्या. घर दीड खोलीचं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला माशाचं पाणी, चुलीचा धूर, शेजारची कच्चीबच्ची. वह्या जपायच्या कशा? हरेश्वरनं एक युक्ती केली. त्यानं अकराही वह्या लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याखाली ठेवल्या आणि आईला बजावलं, "आये, ही पोथी हाय. कुनी हात लावायचा नाय."

त्याची आई रखमा. टोपली डोक्यावर घेऊन माझगावपासून भायखळ्यापर्यंत मासळी विकणारी, भल्याभल्यांना शब्दानं सोलून काढणारी बाई. पण पोथी म्हटल्यावर ती गप्प झाली. त्या दिवसापासून पोथीला रोज फूल, दसऱ्याला हळदकुंकू. पोथीचं फडकं सोडायचं तर हरेश्वरनं आंघोळ करून. तो मनातल्या मनात हसे. वह्या मात्र नव्यासारख्या स्वच्छ राहिल्या.

मग गाठीचा ताप आला. मांडवीत आला, उंदीर मेले, माणसं मेली, अर्धी मुंबई गाठोडी बांधून पळाली. साहेबाची छाती आधीच पोखरलेली. पौषात तो बोटीनं विलायतेला निघाला. जाण्याआधी हरेश्वरला बोलावून म्हणाला, "पेपर मी काढून ठेवला आहे. मी शिकवलं त्यातलाच आहे. माझे कागद मी फाडून टाकले, तुझ्या वह्या त्यापेक्षा नीट आहेत. पास झालास तर या वर्गात तू शिकवशील, तसं मी लिहून ठेवलंय. नाहीतर हा वर्ग बंद होईल."

परीक्षा चैत्रात होती. माघात तापाची सरकारी टोळी कोळीवाड्यात शिरली. पहिल्या ओळीतल्या एका घरी माणूस मेला. टोळीनं घराची कौलं उतरवली, कार्बोलिकचं पाणी मारलं, आणि गोधड्या, कपडे, कागद, होतं नव्हतं ते गल्लीत ढीग करून पेटवलं. मुकादम ओरडून सांगून गेला, "उद्या दुसरी ओळ."

दुसऱ्या ओळीत तुळशीदासाचं घर होतं.

उजाडल्याबरोबर हरेश्वर गिरगावात दौलतकडे धावला. "तुझ्या घरी वह्या ठेवून घे. एवढे सात आठवडे."

दौलतची आत्या आतून म्हणाली, "तापाच्या वाडीतलं काही माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही हो! तबेल्यात ठेवा हवं तर."

"तबेल्यात ठेवू रे," दौलत हळूच म्हणाला. "घोडा काही वह्या वाचत नाही. आण लवकर."

हरेश्वर आनंदानं परत निघाला. दुपार चढायच्या आत घरी पोचला. टोळी अजून आली नव्हती. घर झाडून सारवून लख्ख होतं. देव्हाऱ्याखाली मात्र नुसती जमीन होती.

"आये, पोथी कुठाय?"

रखमा दारात पाय पसरून बसली होती. चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. "नको घाबरू. त्या मेल्यांच्या हाती लागू दिली नाय मी. पोथी काय जालायची असते? ती पान्यालाच द्यायची. तुज्या काकाची होरी घेतली, हळदकुंकू वाहिलं, नारल फोरला, आनि खोल दर्यात सोरली."

हरेश्वर उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "तरंगत असंल अजून."

"तरंगंल कशी? तरंगून कुनाच्या पायाखाली आली तर दोष लागंल. जाल्याचा दगर बांधला मी. चांगला पाच शेराचा."

तिच्यावर ओरडायला त्याचं तोंड उघडलं. पण ओरडून म्हणायचं काय? पोथी आहे असं तिला कोणी सांगितलं होतं? इतर कुठल्या घरच्या आईनं त्या वह्या फार तर पिठाच्या डब्यात लपवल्या असत्या, नाहीतर जळू दिल्या असत्या. त्याच्या आईनं त्याचा शब्द खरा मानला होता.

तुळशीदासानं होडी ढकलली. रखमाला घेऊन गेलेल्या भावाला जागा विचारली. देवळाचा कळस आणि बंदरावरचा उंच माड एका रेषेत येतात ती जागा त्यानं बरोबर काढली, कोळ्याची नजर ती. वजन बांधलेली दोरी सोडून वावांनी, म्हणजे पसरल्या दोन हातांच्या मापानं, पाणी मोजलं.

"सात वाव," तो म्हणाला. "खाली गुडघाभर चिखल. आनि ओहोटी लागलीय."

तरी दोघांनी दोरीला लोखंडी आकडे बांधून पाच दिवस दर्या खरवडला. एक फाटकं जाळं आलं, एक बूट आला. पाचव्या दिवशी तुळशीदासाच्या तळहाताची सालं निघाली तेव्हा हरेश्वरनंच दोरी गुंडाळली.

त्याच संध्याकाळी त्यानं साहेबाला विलायतेत पत्र लिहिलं. पुन्हा लिहून पाठवा म्हणायची लाज वाटली. निदान नवव्या वहीतली सुरुवात सांगा, पुढचं मी ओढत नेईन, एवढंच मागितलं. मग बसून आठवू लागला. पाच वह्या जवळजवळ आठवल्या. सहावीत वाट चुकायला लागली. नववीत बोय आली, वरखाली झाली, आणि तिथंच राहिली.

परीक्षेला पाच दिवस असताना टपाल आलं. अक्षर साहेबाचं नव्हतं, त्याच्या बहिणीचं होतं. साहेब विलायतेला पोचलाच नव्हता.

हरेश्वर तरी परीक्षेला गेला. दौलत आला नाही. तो केव्हाच वकिलीकडे वळला होता. मोठ्या दालनात उमेदवार एकटा, पहारेकरी दोन. सहा प्रश्न, सगळे साहेबाच्या बोलण्याच्या सुरातले. वाचताना साहेब कानाशी खोकतोय असं वाटलं. प्रश्न ओळखीचे होते, उत्तरंही ओळखीची होती, फक्त ती सात वाव खाली होती. त्यानं दीड प्रश्न लिहिला आणि वेळ संपेपर्यंत बसून राहिला.

नापास झाला. वर्ग बंद झाला. बापानं ओळख काढून त्याला बंदरावर चिकटवलं. पाण्यात रोवलेल्या फूटपट्टीवर भरतीओहोटी किती चढली किती उतरली ते ठरल्या वेळी लिहायचं, एवढंच काम. वाड्यानं त्याला पोथीवाला म्हणणं हळूहळू सोडलं.

दोन वर्षं झाली. नारळी पुनवेला सगळा वाडा बंदरावर आला होता. रखमानं दर्याला नारळ दिला आणि शेवंतीला ऐकवलं, "माज्या लेकाची पोथी मी त्या मेल्यांना जालू दिली नाय." मग वळून हरेश्वरला म्हणाली, "तू पुन्हा लिही ना रं. साहेबाला सांग, परत सांगंल तो."

दोन वर्षं न सांगितलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं. "साहेब नाय आये. बोटीवरच गेला, एडनच्या अलीकडं. तिथंच सोडला त्याला."

"कुठं? दर्यात?"

"दर्यात. पायाला वजन बांधून सोडतात."

रखमानं डोळे मिटून हात जोडले. उघडले तेव्हा ते भरले होते, पण तोंडावर उजेड होता. "बघ शेवंते! पोथी तिच्या गुरूकडं पोचली. माज्या हातून काय वंगाल झालं नाय." हरेश्वरच्या पाठीवरून तिनं हात फिरवला. "मना उगाच दोन वर्षं घोर. तू तवाच का नाय सांगितलंस?"

भरतीची वेळ झाली होती. गर्दीतून वाट काढत तो फूटपट्टीकडे गेला, वाकून बघितलं, आणि पाणी किती चढलंय ते लिहिलं.