कुलूप त्यांच्याच दुकानातलं

"काहून?"

सरकारी माणूस समोर आला की शेठजींचा पहिला शब्द हा. मग चष्मा कपाळावर चढवायचा आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं.

आमच्या बाजाराच्या गावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. मधली पाच वर्षं ते सरपंच होते. मी हिंगोलीच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो, त्यामुळे त्यांच्या दुकानात माझं रोजचं बसणं.

आठवडी बाजार तुम्हीही पाहिला असेल. तिथे विकायला बसलेल्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, हे पाहिलंय का? मी पाहिलं नव्हतं. एका उन्हाळ्यात शेठजींनी दुकानासमोरच्या बांगडीवाल्या भाभींपुढे तांब्या धरला.

"नको, शेठ. पिलं तर मंग जायचं कुठं?"

त्या दिवसापासून बाजारच्या दिवशी शेठजींच्या घरचा संडास बायांसाठी उघडा राहिला. बाजारात बायांचं स्वच्छतागृह मंजूर करून घ्यायला त्यांची सगळी सरपंचकी गेली. ते बांधून झालं तेव्हा ते पदावर नव्हते. बांधलं आणि कुलूप लावलं. आठ महिने.

"काहून?"

"उद्घाटन बाकी हाय, शेठ," ग्रामसेवक म्हणाले. "साहेबांची तारीखच भेटून नाही राहिली."

"साहेबाला घाईची लागल्यावर येणार हायेत का?"

पुढच्या बाजारी शेठजी हातोडा घेऊन गेले. कुलूप त्यांच्याच दुकानातलं होतं. ग्रामसेवकांनी मजबूत मागितलं, त्यांनी मजबूत दिलं होतं. ते बराच वेळ तुटेना.

"लई चांगलं देऊन बसलो," ते घाम पुसत म्हणाले. बाया हसल्या आणि रांगेला लागल्या.

संध्याकाळी ग्रामपंचायतीकडून पोलिसांत तक्रार गेली, दुसरं कुलूप आलं. बातमी मी पाठवली: माजी सरपंचाकडून शासकीय मालमत्तेची नासधूस. एकही शब्द खोटा नव्हता. बायांचा उल्लेखही नव्हता. त्यांनी ती माझ्यासमोर वाचली.

"बराबर हाय. पण आत कोण गेलं, ते न्हाई लिहिलं तुमी."

मग माझ्यासाठी चहा मागवला.

माफी लिहून द्या, तक्रार मागे घेऊ, असा निरोप आला. त्यांनी दिली नाही. वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते एसटीने कोर्टाच्या तारखा करत राहिले. निकालाआधीच गेले.

त्यानंतर महिनाभरात साहेबांची तारीख मिळाली. बाजारचाच दिवस. मंचावर शेठजींचा हार घातलेला फोटो होता. ज्यांनी तक्रारीवर सही केली, त्यांनीच भाषणात त्यांना माताभगिनींचा कैवारी म्हटलं. बाया सकाळपासून दोरीमागे उभ्या होत्या. कुलूप काढलेलं होतं, फीत तेवढी कापायची होती.

दिवंगत शेठजींसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती झाली. मंच उभा राहिला, खुर्च्या उभ्या राहिल्या, सगळ्यांनी माना खाली घातल्या. बांगडीवाल्या भाभींनी दोरी वर केली आणि फितीखालून वाकून आत गेल्या. मागोमाग बाकीच्या.

ती दोन मिनिटं मांडवात कोणी बोललं नाही. फक्त आतल्या कड्या लागण्याचा, निघण्याचा आवाज येत होता.